शाळेतला बायबल क्लब नेमका कोणाचा?

सलाम ताई,

आम्ही मूळचे अहिल्यानगरचे. बारा वर्षं झाली, डॅलसजवळ राहतो आणि इथल्याच एका चर्चचे सभासद आहोत. यंदा पास्टरांनी शाळांमधलं काम माझ्याकडे सोपवलं. माझा मुलगा हायस्कूलला, दहावीत आहे. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी शाळा सुटल्यावर भरणारा बायबल क्लब सुरू केला. आमचे यूथ पास्टर दर गुरुवारी तिथे जाऊन अर्धा तास बोलतात, आमची मंडळी, म्हणजे चर्च, पिझ्झा पाठवते आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाकडून नाव-फोनचं कार्ड भरून घेते. माझ्या जिवलग मैत्रिणीची मुलगी नववीत आहे. ते हिंदू, पुण्याचे. मुलगी मैत्रिणींबरोबर दोनदा क्लबला गेली. मग तिला मंडळीकडून मेसेज येऊ लागले, ‘रविवारी ये, न्यायला गाडी पाठवतो.’ आईने ते वाचले आणि माझ्याशी बोलणं सोडलं. एवढंच म्हणाली, ‘मला विचारायचं तरी होतंस.’ तेवढ्यात शाळेनेही माझ्या मुलाला बोलावून यूथ पास्टरांबद्दल चौकशी केली. पास्टर म्हणतात, आपला हक्क आहे, घाबरू नका. पुढच्या सत्रात प्राथमिक शाळेतही लहान मुलांचा वर्ग सुरू करू. यजमान म्हणतात, परक्या देशात नसती भानगड नको. सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगण्यात मला आनंदच वाटतो, पण मैत्रिणीचं ते वाक्य मनातून जात नाही. काय करू?

– एक आई, टेक्सास

प्रिय बहिणी, सलाम.

कायद्याचं नंतर बोलू. आधी मैत्रिणीकडे जा. फोन नको, मेसेज तर नकोच. तिच्या दारात उभं राहून सांगा, ‘तुझं खरं आहे, तुला विचारायला हवं होतं.’ एवढंच सांगा. ‘पण आमचा हेतू वाईट नव्हता’ हे शेपूट जोडू नका. तुमचा हेतू तिला ठाऊक आहे, इतक्या वर्षांची मैत्री आहे. येशूचं नाव ऐकून ती दुखावलेली नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला न्यायला गाडी पाठवायची भाषा अनोळखी मोठ्या माणसांनी केली आणि तिच्या आईला त्याचा पत्ताही नव्हता, हे तिला लागलं. उद्या एखाद्या मंदिराने किंवा मशिदीने तुमच्या मुलाला तसा मेसेज केला, तर तुमचाही जीव असाच उडेल.

आता तुमच्या पास्टरांचं ‘आपला हक्क आहे’ हे वाक्य घेऊ. हक्क आहे, यात शंका नाही. पण तो कोणाचा आहे, याचा त्यांच्या मनात घोळ झालेला दिसतो.

अमेरिकेच्या सरकारी हायस्कूलमधले बायबल क्लब उभे आहेत ते १९८४ च्या समान प्रवेश कायद्यावर, म्हणजे इक्वल अ‍ॅक्सेस अ‍ॅक्टवर. केंद्राचे पैसे घेणाऱ्या माध्यमिक शाळेने अभ्यासक्रमाबाहेरच्या एका जरी क्लबला जागा दिली, तर मुलांनी काढलेल्या धार्मिक, राजकीय किंवा वैचारिक क्लबला ती नाही म्हणू शकत नाही, असं हा कायदा सांगतो. पुढच्याच वर्षी नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात ब्रिजेट मर्गेन्स नावाच्या विद्यार्थिनीने वेस्टसाइड हायस्कूलच्या मुख्याध्यापकांकडे ख्रिस्ती क्लबची परवानगी मागितली. शाळेत बुद्धिबळाचा क्लब होता, पाण्याखाली पोहणाऱ्यांचाही होता, पण हा चालणार नाही असं उत्तर आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९० साली आठ विरुद्ध एक मतांनी मुलीच्या बाजूने निकाल लागला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : सरकारने धर्माची बाजू घेऊन बोलणं वेगळं आणि मुलांनी आपणहून बोलणं वेगळं; पहिल्याला संविधान मनाई करतं, दुसऱ्याला संरक्षण देतं. हायस्कूलमधल्या मुलांना एवढा फरक कळतो, हेही त्यात आलं.

म्हणजे सगळी इमारत ‘मुलांनी आपणहून’ या दोन शब्दांवर उभी आहे. त्याच कायद्यात आणखी एक अट आहे, आणि तुमच्या यूथ पास्टरांना नेमकी तीच लागू होते. शाळेबाहेरच्या माणसांनी असा क्लब चालवायचा नाही, त्याला दिशा द्यायची नाही, ताब्यात ठेवायचा नाही आणि तिथे नियमित हजेरीही लावायची नाही. शाळेची हरकत नसेल तर कधीमधी पाहुणा म्हणून बोलावलं, तर गोष्ट वेगळी. दर गुरुवारी अर्धा तास हा काही पाहुणा नव्हे. म्हणून शाळेने तुमच्या मुलाला बोलावलं त्यात मला छळ दिसत नाही. त्यांनी योग्य प्रश्न विचारला, आणि त्याचं खरं उत्तर दिलं तर क्लब बंदही होऊ शकतो. तो धोका तुमच्या पोराच्या डोक्यावर आहे, पास्टरांच्या नाही. हे तुम्ही पास्टरांना स्पष्ट सांगायला हवं.

मी अमेरिकेतल्या एका सरकारी शाळेत वीसहून जास्त वर्षं शिकवलं. त्यातली काही वर्षं अशा क्लबची देखरेख माझ्याकडे होती. शिक्षकाने खोलीत असावं, पण भाग घेऊ नये असा नियम आहे. मी मागच्या बाकावर वह्या तपासत बसायची. मुलं चुकीचा अध्याय काढायची, प्रार्थना करताना मध्येच हसू फुटायचं, एकदा तर पूर्ण तास नोहाच्या तारवात डायनासोर होते का यावर वाद रंगला. मला उठून सांगावंसं वाटायचं, जीभ चावून गप्प बसायची. आज वाटतं, मी गप्प होते म्हणूनच ती मुलं मोठी झाली. त्यांचं त्यांना वाचावं लागलं, त्यांचं त्यांना उत्तर शोधावं लागलं.

मग एका गुरुवारी पाहुणे म्हणून आलेल्या एका मोठ्या माणसाने मुलांना विचारलं, ‘तुमच्यापैकी कोणाचे आईवडील अजून प्रभूला ओळखत नाहीत? हात वर करा.’ खिडकीजवळ एक मुलगी बसली होती. पहिल्यांदाच आलेली, मैत्रिणीने ओढून आणलेली. तिचा हात अर्धा वर गेला आणि तिथेच थांबला. ना वर, ना खाली. आपल्या आईवडिलांविरुद्ध साक्ष द्यायला लावल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. ती पुन्हा कधी आली नाही. मी स्वतः विश्वासी आहे, सुवार्ता सांगावी असं मलाही मनापासून वाटतं. पण तो अर्धा हात मी विसरलेली नाही. तुमच्या मैत्रिणीची मुलगी माझ्या डोळ्यांपुढे तशीच उभी राहते.

म्हणून ती कार्डं आधी बंद करा. जी भरून घेतली आहेत ती पास्टरांकडून मागून घ्या, नंबर काढून टाकायला लावा, आणि ज्या मुलांना मेसेज गेले त्यांच्या पालकांना मंडळीच्या नावाने दोन ओळी पाठवा : आम्ही तुमच्या मुलाशी तुम्हाला न विचारता संपर्क केला, पुन्हा करणार नाही. पास्टर म्हणतील, यात नाचक्की आहे. असू दे. अल्पवयीन मुलांचे फोन नंबर मंडळीच्या यादीत पालकांच्या नकळत असणं ही त्याहून मोठी नाचक्की आहे, आणि मुलांच्या सुरक्षिततेचा विचार करणारं कोणतंही चर्च आज हे चालू देणार नाही. गाडी पाठवणं तर पालकाने स्वतः सांगितल्याशिवाय मुळीच नको.

पिझ्झाबद्दल मी तुमच्या पास्टरांइतकी उत्साही नाही. मंडळीने खाऊ पाठवण्यात पाप नाही, शाळेचा नियम काय ते मुलाने विचारून घ्यावं. पण महिनाभर पिझ्झा न पाठवता पाहा. चारच मुलं उरली, तर क्लबात खरोखर चार मुलं आहेत हे कळेल, आणि चार मुलांचा खरा क्लब मला चाळीस जणांच्या जेवणावळीपेक्षा प्यारा आहे.

आता तुमच्या मुलाचं. त्याला घाबरवू नका. त्याचा हक्क कोणत्याही पास्टराच्या हक्कापेक्षा मोठा आहे, हे त्याला सांगा. तो डब्याआधी प्रार्थना करू शकतो, मधल्या सुट्टीत बायबल वाचू शकतो, मित्राशी विश्वासाबद्दल बोलू शकतो. फक्त मित्र नको म्हणाला की थांबायचं. शाळेतल्या इतर क्लबांना फलकावर, घोषणांमध्ये आणि क्लबांच्या मेळ्यात जागा मिळत असेल, तर त्याच्या क्लबलाही मिळायला हवी. ओमाहाच्या खटल्यात हाच मुद्दा होता. तुम्ही राहता त्याच भागातली एक गोष्ट त्याला सांगा. डॅलस-फोर्ट वर्थजवळच्या बर्लसन गावात १९९० साली काही मुलांना वाटलं की आपल्या शाळांसाठी प्रार्थना करावी. ती रात्री शाळांच्या आवारात गेली, ध्वजस्तंभापाशी उभी राहिली आणि प्रार्थना केली. त्यातून दर सप्टेंबरमध्ये शाळेच्या ध्वजस्तंभाभोवती विद्यार्थ्यांनी जमण्याची प्रथा देशभर पसरली. तिथे ना स्टेज असतं, ना वक्ता. ती टिकली आहे, कारण ती मुलांची आहे.

यूथ पास्टरांनाही बेकार बसवायचं नाही. त्यांची जागा शाळेत नाही, मंडळीत आहे. बुधवारी किंवा शनिवारी ते त्या चार मुलांना चर्चमध्ये बसवून तयार करोत : अध्याय कसा वाचायचा, कठीण प्रश्न आला तर ‘मला माहीत नाही’ कसं म्हणायचं, दुसऱ्या धर्माच्या मित्राशी त्याला कमी न लेखता कसं बोलायचं. या शेवटच्या गोष्टीवर तर महिनाभर शिकवा. गुरुवारी मुलं स्वतः बोलतील. अडखळतील, अडखळू द्या.

टेक्सासमधलं वारं सध्या आपल्या बाजूचं वाटतं, हे मी जाणते. २०२३ मध्ये तिथे शाळांना चॅपलन, म्हणजे धर्मगुरू, नेमण्याची मुभा देणारा कायदा झाला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनच्या एका फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने निकाल दिला, सामन्यानंतर मैदानावर केलेल्या त्याच्या वैयक्तिक प्रार्थनेबद्दल. त्यामुळे दार सताड उघडं आहे असं पुष्कळ चर्चना वाटू लागलं आहे. पण समान प्रवेश कायद्यातली बाहेरच्या माणसांबद्दलची अट यातल्या कशानेही पुसली गेलेली नाही.

आणि हे दार एकट्या आपल्यासाठी कधी उघडं नव्हतं. तुमच्या मुलाला ज्या कायद्याने खोली मिळते, त्याच कायद्याने हिंदू मुलांच्या, मुस्लिम मुलांच्या, देव न मानणाऱ्यांच्या आणि समलिंगी मुलांच्या क्लबलाही मिळते. १९९६ मध्ये सॉल्ट लेक सिटीत समलिंगी आणि इतर विद्यार्थ्यांनी मिळून क्लब मागितला, तेव्हा तो द्यावा लागू नये म्हणून शाळामंडळाने अभ्यासक्रमाबाहेरचे सगळेच क्लब बंद करून टाकले. ते पुन्हा सुरू व्हायला २००० साल उजाडलं. शेजारच्या खोलीतल्या क्लबची कटकट आपल्या मंडळीत सुरू झाली, तर हे आठवा. तुमच्या मैत्रिणीच्या मुलीने उद्या गीता वाचणाऱ्यांचा क्लब काढला, तर तुमच्या मुलाने तिला फलक लावायला मदत करावी, असं मला मनापासून वाटतं.

प्राथमिक शाळेच्या बेताबद्दल मात्र मी तुम्हाला थांबवणार आहे. तिथला कायदा वेगळा आहे. समान प्रवेश कायदा माध्यमिक शाळांपुरताच आहे. लहान मुलांच्या वर्गांना आधार आहे तो २००१ च्या निकालाचा. न्यूयॉर्क राज्यातल्या मिलफर्ड गावच्या शाळेने शाळा सुटल्यावर इतर संस्थांना इमारत वापरायला दिली आणि लहान मुलांना बायबल शिकवणाऱ्या गुड न्यूज क्लबला मात्र नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की हा भेदभाव आहे. इथे वर्ग मोठ्यांनीच चालवायचा असतो, त्यामुळे पास्टरांचं म्हणणं कायद्याला धरून आहे. पण मुलं तिथे आईवडिलांच्या परवानगीनेच येत होती, म्हणून न्यायालयाने पालकांकडे बोट दाखवलं : निर्णय त्यांचा आहे, दुसरीतल्या पोराचा नाही. ज्या मंडळीने आत्ताच परवानगीच्या बाबतीत ठेच खाल्ली, तिने पुढच्याच सत्रात सात वर्षांच्या मुलांचा वर्ग घ्यावा, हे मला पटत नाही. त्या वयाच्या मुलाला शाळेची बाई आणि चर्चची बाई यांतला फरक कळत नाही. त्याच इमारतीत, त्याच खुर्चीवर बसून ऐकलं की ते शाळेनेच सांगितलं असं त्याला वाटतं. एक वर्ष जाऊ द्या. मग करायचंच असेल, तर परवानगीच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहा : इथे बायबल शिकवलं जाईल आणि येशूवर विश्वास ठेवण्याचं आमंत्रण दिलं जाईल. ‘खेळ, गाणी आणि मूल्यशिक्षण’ असलं गुळमुळीत काही लिहू नका. ज्या आईला नको आहे तिला पहिल्या ओळीतच नाही म्हणता यावं.

शाळेच्या वेळेत पण आवाराबाहेर, पालकांच्या परवानगीने बायबलचे वर्ग घेण्याची वाटही आहे. १९४८ मध्ये न्यायालयाने इलिनॉयमधले शाळेच्या इमारतीतले असे वर्ग रद्द केले, १९५२ मध्ये न्यूयॉर्कमधले आवाराबाहेरचे वैध ठरवले. पास्टर तो विषय काढतील म्हणून सांगून ठेवते. तुम्हाला आत्ता त्याची गरज नाही.

मग मंडळीने करायचं काय? पुष्कळ आहे. ऑगस्टमध्ये दप्तरं भरून द्या. ज्या पोरांना शनिवार-रविवारी घरी पोटभर मिळत नाही त्यांच्यासाठी शुक्रवारी पिशव्या भरा. वाचनात मागे पडलेल्या मुलाशेजारी आठवड्यातून एक तास बसा. शाळा पार्श्वभूमी तपासते, खुशाल तपासू द्या. फक्त दप्तरात पत्रिका घालू नका आणि त्या तासात धर्मप्रसार करू नका. हे सुवार्तेचं काम नाही असं मंडळीत कोणी म्हटलं, तर तुमच्याच गावची आठवण द्या. अमेरिकेहून आलेल्या सिंथिया फरारबाईंनी अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. त्या पाहून जोतीरावांना मुलींच्या शाळेची उमेद मिळाली, सावित्रीबाईंनी तिथे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. फुले पतीपत्नी ख्रिस्ती झाले नाहीत. म्हणून फरारबाईंचं काम वाया गेलं असं म्हणणारा मराठी ख्रिस्ती माणूस मला अजून भेटलेला नाही.

आणि दुसरी आठवण शारदा सदनाची. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत ते सुरू केलं, पुढच्या वर्षी पुण्याला नेलं. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील या भरवशावर लोकांनी आपल्या विधवा मुली तिथे पाठवल्या होत्या. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कोणावर जबरदस्ती केली नाही, मी फक्त माझं दार उघडं ठेवलं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. पण पालकांचा भरवसा तुटला, रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखे १८९३ मध्ये दूर झाले, आणि कितीतरी मुलींना घरी नेण्यात आलं. शिक्षण थांबलं ते त्या मुलींचं. तुमची मैत्रीण पुण्याची आहे. ‘मला विचारायचं तरी होतंस’ या तिच्या वाक्यामागे सव्वाशेहून जास्त वर्षांचा धाक आहे, तिला स्वतःला तो जाणवत असो वा नसो. आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी इतरांपेक्षा जास्त जपून वागायला हवं, ते याचसाठी.

यजमानांना सांगा, हा तुमच्या मुलाचा स्वतःचा देश आहे, परका नाही. भानगड टाळायची म्हणून त्याचा क्लब बंद करायला लावू नका. पोराने स्वतः काहीतरी उभं केलं आहे. ते त्याच्या हातात परत द्यायचं आहे, एवढंच.

पास्टरांशी बोलताना हे पत्र बरोबर न्या, हवं तर वाचून दाखवा. ते रागावले तर मुद्द्यावर या : पुढच्या गुरुवारी यूथ पास्टर शाळेत जाणार नाहीत, कार्डं निघणार नाहीत, आणि शाळेला तुमचा मुलगा स्वतः जाऊन सांगेल की आतापर्यंत बाहेरचे एक जण दर आठवड्याला येत होते, आता येणार नाहीत. हे मान्य नसेल तर जबाबदारी परत करा.

मैत्रिणीची मुलगी पुन्हा क्लबला आली तर काय, असं तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेल. आली तर तुमच्या मुलाने तिला विचारावं, ‘आईला सांगितलंयस ना?’ ती हो म्हणाली तर खुर्ची द्यावी. नाही म्हणाली तरी हाकलू नये. आधी घरी बोल, मग ये, असं सांगावं. आणि तुम्ही त्याच संध्याकाळी तिच्या आईला फोन करू नका. ते त्या मुलीने करायचं आहे.